मॅटप्लॉटलिबमध्ये चौकटीच्या बाहेर आकार आणि लेबलं कशी काढायची

पायथॉनमध्ये मॅटप्लॉटलिब या चार्ट काढायच्या लायब्ररीने चार्ट दोन ओळींत निघतो, आणि मग त्याच चार्टच्या खाली एक छोटी रंगीत पट्टी टाकायला किंवा उजवीकडे रेषेच्या टोकाला तिचं नाव लिहायला अख्खी संध्याकाळ जाते. माझं हे इतक्या वेळा झालं की शेवटी एकदा बसून मॅटप्लॉटलिबची ही बाजू नीट समजून घेतली, आणि आता वाटतं की हे कुणीतरी सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. म्हणून लिहितेय.

आधी शब्दांचं बघू. मॅटप्लॉटलिबमध्ये फिगर म्हणजे अख्खा कागद, आणि अ‍ॅक्सेस म्हणजे त्या कागदावरची चौकट जिच्यात रेषा, बार वगैरे येतात. मी पुढे कागद आणि चौकट असंच म्हणणार आहे, कारण अ‍ॅक्सेस आणि अ‍ॅक्सिस या दोन शब्दांनी नवीन माणसाचा फार गोंधळ होतो. कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, फिग म्हणजे कागदाचं ऑब्जेक्ट, एएक्स म्हणजे चौकटीचं, टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच करायचं.

आता पहिली अडचण. तुम्ही पॅचेसमधून, म्हणजे तयार आकारांच्या मॉड्यूलमधून, रेक्टँगल घेता, त्याला चौकटीच्या खालचा पत्ता देता, अ‍ॅड_पॅच करता, आणि काहीच दिसत नाही, एररसुद्धा नाही. कारण चौकटीत टाकलेला प्रत्येक आकार आणि प्रत्येक रेषा चौकटीच्या कडेला कापली जाते, यालाच क्लिपिंग म्हणतात. आकार तिथे आहे, फक्त कापला गेलाय. उपाय एकच शब्द, क्लिप_ऑन=फॉल्स. गंमत म्हणजे एएक्स.टेक्स्ट ने लिहिलेला मजकूर मुळातच कापला जात नाही, त्याचं क्लिपिंग आधीपासून बंद असतं, म्हणून लोकांना वाटतं की टेक्स्ट बाहेर जातं पण आकार जाऊ शकत नाहीत. जातात, सांगावं लागतं एवढंच.

पण नुसतं क्लिपिंग बंद करून काम संपत नाही, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला खरा प्रश्न पुढेच आहे. कुठलीही गोष्ट बाहेर काढायच्या आधी स्वतःला विचारायचं, याचा एक्स कोणाचा आणि वाय कोणाचा? याचं उत्तर कोडला द्यायचं ते ट्रान्सफॉर्ममधून, म्हणजे दिलेला आकडा कोणाच्या मापात धरायचा हे सांगणारं ऑब्जेक्ट. दोन्ही डेटाचे असतील तर एएक्स.ट्रान्सडेटा, तोच डिफॉल्ट असतो. दोन्ही चौकटीचे असतील तर एएक्स.ट्रान्सअ‍ॅक्सेस, यात चौकटीचा डावा खालचा कोपरा ०,० आणि उजवा वरचा १,१, म्हणजे वाय -०.१ म्हटलं की चौकटीच्या उंचीच्या दहाव्या भागाइतकं खाली. दोन्ही कागदाचे असतील तर फिग.ट्रान्सफिगर, तिथेही ० ते १ पण अख्ख्या कागदाचं. आणि बहुतेक वेळा आपल्याला जे हवं असतं ते यातलं एकही नसतं! आपल्याला हवं असतं एक्स डेटाचा आणि वाय चौकटीचा, म्हणजे पट्टी बरोबर ६ ते १८ तासांच्या खाली यावी पण उंचीने मात्र चौकटीच्या खाली ठरावीक जागी बसावी, मग वायची रेंज ० ते १० असो नाहीतर ० ते १००००. यासाठी एएक्स.गेट_एक्सअ‍ॅक्सिस_ट्रान्सफॉर्म आहे. उलट हवं असेल, एक्स चौकटीचा आणि वाय डेटाचा, तर गेट_वायअ‍ॅक्सिस_ट्रान्सफॉर्म. या दोघांची ओळख झाली की निम्म्याहून जास्त काम सोपं होतं, आणि याहून वेगळी जोडी हवी असेल, समजा एक्स डेटाचा आणि वाय अख्ख्या कागदाचा, तर ट्रान्सफॉर्म्स मॉड्यूलमधलं ब्लेंडेड_ट्रान्सफॉर्म_फॅक्टरी दोन ट्रान्सफॉर्म घेऊन तशी जोडी बनवून देतं.

उदाहरण घेऊ. एका भट्टीचं २४ तासांचं तापमान आहे, पहिले ६ तास गरम करणं, ६ ते १८ स्थिर, १८ ते २४ थंड करणं. हे तीन टप्पे चार्टच्या खाली रंगीत पट्टीने दाखवायचेत. सगळ्यात सरळ रस्ता असा:

टीआर = एएक्स.गेट_एक्सअ‍ॅक्सिस_ट्रान्सफॉर्म()
आर = रेक्टँगल((६, -०.१८), १२, ०.०६, ट्रान्सफॉर्म=टीआर, क्लिप_ऑन=फॉल्स, फेसकलर='गोल्ड')
एएक्स.अ‍ॅड_पॅच(आर)

पहिल्या कंसात डावा खालचा कोपरा, मग रुंदी १२ तास, मग उंची चौकटीच्या ६ टक्के. बाकीचे दोन टप्पे असेच. चालवून, फाइल सेव्ह करून बघितलंत तर पट्टी अजूनही धड दिसणार नाही, आणि इथे बरेच जण क्लिप_ऑन चाललंच नाही म्हणून वैतागतात, पण आता कारण वेगळं आहे, पट्टीचा बराचसा भाग कागदाच्याच बाहेर पडलाय.

हे गणित एकदा करून ठेवा, फार उपयोगी पडतं. डिफॉल्ट कागद ६.४ इंच रुंद आणि ४.८ इंच उंच असतो, १०० डीपीआयला, म्हणजे इंचाला १०० पिक्सेल धरून, ६४० बाय ४८० पिक्सेल. चौकट त्यात डावीकडे ०.१२५ पासून उजवीकडे ०.९ पर्यंत आणि खाली ०.११ पासून वर ०.८८ पर्यंत बसते. म्हणजे चौकटीची उंची कागदाच्या ०.७७ आणि खालची मोकळी जागा ०.११. आता ०.११ ला ०.७७ ने भागा, ०.१४३ येतं. म्हणजे चौकटीच्या मापात वाय -०.१४३ ला कागद संपला! आपली पट्टी -०.१८ ते -०.१२ मध्ये आहे, तिचा बराचसा भाग कागदाखाली गेला आणि जो थोडा उरला तो अक्षाच्या नावात मिसळला. उजवीकडे हाच हिशोब केला तर एक्स साधारण १.१२९ ला कागद संपतो, वर १.१५६ ला, डावीकडे -०.१६१ ला. जागा हवी असेल तर फिग.सबप्लॉट्स_अ‍ॅडजस्ट मध्ये बॉटम=०.२५ द्या, मग खाली -०.३९ पर्यंत मोकळं मिळतं. कागद नक्की कुठे संपतो हे डोळ्याने बघायचं असेल तर फिग.सेट_फेसकलर ने कागदाला फिकट राखाडी रंग द्या, मी काम चालू असताना हा रंग ठेवतेच आणि शेवटी काढून टाकते.

दुसरा रस्ता म्हणजे कागद बनवतानाच लेआउट='कन्स्ट्रेन्ड' द्यायचं, मग चौकट स्वतःच आक्रसून बाहेरच्या गोष्टींना जागा करून देते, कारण क्लिपिंग बंद असलेले आकारही त्या हिशोबात धरले जातात. एखादी गोष्ट हिशोबात नको असेल तर तिच्यावर सेट_इन_लेआउट(फॉल्स). मला कन्स्ट्रेन्ड आवडतं, पण सबप्लॉट्स_अ‍ॅडजस्ट आणि हे दोन्ही एकत्र वापरू नका, एकच निवडा.

आता पट्टी दिसली, पण ती तासांच्या आकड्यांवर चढते का खाली राहते हे कागदाच्या उंचीवर ठरतं, कारण अक्षरं पॉइंटमध्ये मोजली जातात आणि पट्टी टक्क्यांत. कागद ४.८ वरून ३ इंच केलात की आकडे तेवढेच राहतात आणि पट्टी वर सरकून त्यांना धडकते. मी बरेच दिवस दर वेळी -०.१२ चं -०.१५ करत बसायचे. त्यापेक्षा पट्टीसुद्धा पॉइंटमध्येच मोजा. ७२ पॉइंट म्हणजे १ इंच. अक्षावरच्या खुणा ३.५ पॉइंट, मग ३.५ पॉइंट मोकळे, मग १० पॉइंटची अक्षरं, म्हणजे साधारण १७ पॉइंट आकड्यांनी खाल्ले. पट्टीचा मध्य २६ पॉइंट खाली आणि जाडी १२ पॉइंट ठेवली तर पट्टी २० ते ३२ मध्ये बसते, आकड्यांपासून थोडी सुटी. आणि पॉइंटमध्ये जाडी हवी म्हणजे रेक्टँगल सोडून सरळ जाड रेषा काढायची:

खाली = ट्रान्सफॉर्म्स.स्केल्डट्रान्सलेशन(०, -२६/७२, फिग.डीपीआय_स्केल_ट्रान्स)
टीआर = एएक्स.गेट_एक्सअ‍ॅक्सिस_ट्रान्सफॉर्म() + खाली
एएक्स.प्लॉट([०, ६], [०, ०], ट्रान्सफॉर्म=टीआर, क्लिप_ऑन=फॉल्स, लाइनविड्थ=१२, सॉलिड_कॅपस्टाइल='बट', कलर='टोमॅटो')

वाय शून्य म्हणजे चौकटीची खालची कड, आणि तिथून २६ पॉइंट खाली ढकललं. डीपीआय_स्केल_ट्रान्स इंचात चालतं म्हणून ७२ ने भागलं. आणि तो कॅपस्टाइलचा भाग विसरू नका, डिफॉल्टला रेषेचं टोक जाडीच्या निम्म्याने पुढे येतं, १२ पॉइंटच्या रेषेला दोन्हीकडे ६-६ पॉइंट, म्हणजे गरम करण्याचा टप्पा स्थिर टप्प्यात घुसलेला दिसतो आणि बघणाऱ्याला चुकीची वेळ सांगतो. 'बट' दिलं की रेषा बरोबर ६ ला संपते.

पट्टीवरचं नाव अ‍ॅनोटेटने लिहा, कारण त्याला पॉइंटमधलं अंतर थेट कळतं:

एएक्स.अ‍ॅनोटेट('गरम', एक्सवाय=(३, ०), एक्सवायकोऑर्ड्स=('डेटा', 'अ‍ॅक्सेस फ्रॅक्शन'), एक्सवायटेक्स्ट=(०, -२६), टेक्स्टकोऑर्ड्स='ऑफसेट पॉइंट्स', एचए='सेंटर', व्हीए='सेंटर', फॉन्टसाइज=८)

एचए आणि व्हीए म्हणजे मजकूर त्या बिंदूला आडवा आणि उभा कसा टेकवायचा ते. इथे एक्सवायकोऑर्ड्स ला जोडी दिलीय, एक्स डेटाचा वाय चौकटीचा, परत तोच प्रश्न आणि तेच उत्तर. एक लक्षात ठेवा, एक्सवायकोऑर्ड्स नुसतं 'डेटा' ठेवून तो बिंदू चौकटीबाहेरचा दिलात तर अ‍ॅनोटेट गुपचूप गायब होतं, तिथे क्लिप_ऑन नाही, अ‍ॅनोटेशन_क्लिप=फॉल्स लागतं. अक्षाचं नाव पट्टीच्या खाली जावं म्हणून सेट_एक्सलेबल मध्ये लेबलपॅड=२० द्या.

उजवीकडे रेषेच्या टोकाला नाव लिहिणं हे तर मी आता लेजंडऐवजी, म्हणजे कुठला रंग कोणाचा हे सांगणाऱ्या यादीऐवजी, सगळीकडेच करते, पाच रंग बघून लेजंडशी जुळवत बसण्यापेक्षा वाचणाऱ्याला नाव जिथल्या तिथे मिळतं. इथे एक्स चौकटीचा, बरोबर १, आणि वाय डेटाचा, रेषेची शेवटची किंमत. अ‍ॅनोटेटला एक्सवाय=(१, शेवटची किंमत), कोऑर्ड्सची जोडी उलटी म्हणजे ('अ‍ॅक्सेस फ्रॅक्शन', 'डेटा'), आणि ऑफसेट (६, ०), व्हीए='सेंटर', रंग रेषेवरच गेट_कलर मागून घ्या म्हणजे दोघांचा रंग कधीच वेगळा होणार नाही. मात्र सेट_एक्सलिम(०, २४) करायला हवं, नाहीतर डेटाच्या दोन्ही बाजूंना ५ टक्के मोकळी जागा राहते आणि नाव रेषेपासून तुटल्यासारखं दिसतं. दोन रेषा शेवटी अगदी जवळ आल्या तर नावं एकमेकांवर चढतील, दोन-तीन रेषांसाठी मी हातानेच ऑफसेटचा वाय +५ आणि -५ करते, जास्त असतील तर किमती क्रमाने लावून प्रत्येक नाव आधीच्यापेक्षा निदान १० पॉइंट वर राहील असा छोटा लूप लिहावा लागतो.

वरच्या बाजूला कंस काढायचा असेल, म्हणजे "या १२ तासांत तापमान स्थिर" असं, तर अ‍ॅरोस्टाइलमध्ये तयार कंस मिळतो पण त्याची रुंदी अक्षरांच्या साइजवर मोजली जाते, डेटावर नाही, त्यामुळे तो बरोबर ६ आणि १८ वर बसवणं म्हणजे अंदाजाचा खेळ. चार बिंदूंची रेषा स्वतः काढा, एक्स [६, ६, १८, १८] आणि वाय [१.०२, १.०५, १.०५, १.०२], ट्रान्सफॉर्म तोच गेट_एक्सअ‍ॅक्सिसवाला, क्लिपिंग बंद. मजकूर १२ वर, वाय १.०६, व्हीए='बॉटम'. टायटल याच्यावर येऊन बसेल, ते आपल्या कंसाला ओळखत नाही, म्हणून सेट_टायटलला पॅड=२५ द्या.

वर्तुळाचा किस्सा सगळ्यांना भेटतो. चौकटीच्या मापात सर्कल काढलं तर ते लंबवर्तुळ होतं, कारण एक्सचा ०.१ आणि वायचा ०.१ कागदावर सारखे नसतात, डिफॉल्ट चौकट साधारण ४.९६ बाय ३.७ इंच असते. नुसता ठिपका हवा असेल तर मार्कर वापरा, मार्कर पॉइंटमध्ये असतो आणि गोलच राहतो. ठरावीक इंचाचं वर्तुळच हवं असेल तर फिग.डीपीआय_स्केल_ट्रान्स + स्केल्डट्रान्सलेशन(एक्स, वाय, ट्रान्सफॉर्म) अशी बेरीज करा आणि सर्कलचा केंद्र (०, ०) ठेवा, आधी इंचात आकार आणि मग उचलून जागेवर ठेवला असा तो अर्थ आहे. बेरजेचा क्रम उलटा केलात तर आकार भलतीकडेच जातो.

आता सेव्ह करण्याचं, कारण इथे मी खरंच भाजून निघालेय. ज्युपिटर नोटबुकमध्ये सगळं सुंदर दिसत होतं, उजवीकडची नावं, खालची पट्टी, सगळं. सेव्हफिग करून फाइल रिपोर्टमध्ये घातली आणि पाठवून दिली, समोरच्या माणसाचा फोन आला की रेषांची नावं अर्धीच आहेत. झालं असं की नोटबुकमध्ये चित्र दाखवताना कागद आपोआप बीबॉक्स_इंचेस='टाइट' ने कापला जातो, म्हणजे बाहेर गेलेल्या गोष्टींसकट सगळं आत घेतलं जातं, पण सेव्हफिग मात्र मूळ कागदच देतं जोपर्यंत तुम्ही तेच शब्द तिथेही देत नाही. सेव्हफिगला बीबॉक्स_इंचेस='टाइट' दिलं की बाहेरचं सगळं येतं, बाजूला ०.१ इंच मोकळं सोडून. पण मग फाइलचं माप ६.४ बाय ४.८ राहत नाही, आणि चार चार्ट एकाखाली एक लावायचे असतील तर प्रत्येकाची रुंदी वेगळी येते, त्या वेळी टाइट नको, जागाच नीट सोडा. काहीही असो, पाठवायच्या आधी सेव्ह झालेली फाइल उघडून बघा, नोटबुकवर विश्वास ठेवू नका.

बाकी छोट्या गोष्टी. डेटाच्या मापात बाहेर रेषा काढायला प्लॉट वापरलंत तर मॅटप्लॉटलिब त्या रेषेलाच डेटा समजून अक्षाची रेंज वाढवतं आणि बाहेरची रेषा आत येऊन बसते, त्यामुळे सेट_एक्सलिम आणि सेट_वायलिम सगळं काढून झाल्यावर शेवटी करा. अक्षावर तारखा असतील तर रेक्टँगलला तारीख थेट न देता डेट२नम ने आकडा करून द्या, मग रुंदी दिवसांत मोजली जाते. बार चार्टवर नावं असली तरी आतून ती ०, १, २ असतात आणि बारची रुंदी ०.८, म्हणजे तिसऱ्या बारखालची पट्टी १.६ पासून २.४ पर्यंत.

एकाहून जास्त चौकटी असतील तर एकीतून बाहेर काढलेला आकार शेजारच्या चौकटीखाली दबतो, कारण ती नंतर रंगवली जाते आणि तिची पांढरी पार्श्वभूमी सगळं झाकते. अशा वेळी आकाराला ट्रान्सफॉर्म देऊन तो फिग.अ‍ॅड_आर्टिस्ट ने थेट कागदावर टाका, चौकटींचा झेडऑर्डर, म्हणजे रंगवायचा क्रम, ० आणि पॅचचा १, त्यामुळे तो वरच राहतो. दोन चौकटींमधल्या बिंदूंना जोडणारी रेषा हवी असेल तर त्यासाठी कनेक्शनपॅच तयारच आहे, तोही कागदावरच टाकायचा.

आणि चार्ट झूम करता येणारा असेल तर क्लिपिंग बंद केलेली पट्टी त्रास देते, लोक ८ ते १० तासांवर झूम करतात आणि पट्टी चौकटीच्या डाव्या-उजव्या बाजूला लांबच लांब पसरते, कारण आपण तिला कापायचं बंद केलंय ते चारही बाजूंनी. इथे माझं स्पष्ट मत आहे की जुगाड करू नका, पट्टीसाठी वेगळी बारीक चौकट घ्या. एएक्स.इनसेट_अ‍ॅक्सेस([०, -०.१८, १, ०.०६], शेअरएक्स=एएक्स) म्हटलं की खाली एक पातळ चौकट मिळते जिचा एक्स मुख्य चार्टशी बांधलेला असतो, तिच्यात अ‍ॅक्सव्हीस्पॅन(०, ६) असे टप्पे रंगवा आणि अ‍ॅक्सिस('ऑफ') करा. झूम केलं की पट्टी बरोबर कापली जाते, कारण ती आता स्वतःच्या चौकटीत आहे. तीन-चार पट्ट्या असतील तर मी सुरुवातच इथून करते.

शेवटचं, लेबलं मराठीत लिहिणाऱ्यांसाठी. डिफॉल्ट डेजाव्हू सान्स फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच, म्हणून चौकोनी डबे येतात, फॉन्ट.फॅमिली मध्ये नोटो सान्स देवनागरी दिलं की अक्षरं दिसतात. पण मॅटप्लॉटलिबच्या ३.१० पर्यंतच्या आवृत्त्यांत नेहमीच्या पीएनजीमध्ये जोडाक्षरं तुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येते, "स्थिर" वाचवत नाही, कारण अक्षरांची जुळणी करणारी पायरीच तिथे नसते. चार्ट ब्राउझरमध्ये दाखवायचा असेल तर आरसीपॅराम्समध्ये, म्हणजे मॅटप्लॉटलिबच्या सेटिंग्जमध्ये, 'एसव्हीजी.फॉन्टटाइप' ला 'नन' द्या आणि एसव्हीजी म्हणून सेव्ह करा, मग मजकूर मजकूर म्हणूनच जातो आणि जुळणी ब्राउझर करतो, अगदी बरोबर. फक्त मॅटप्लॉटलिबने मोजलेली रुंदी आणि ब्राउझरने लिहिलेली रुंदी थोडी वेगळी असते, म्हणून उजवीकडच्या नावांना कडेपासून हातभर जास्तच जागा सोडा.